क्लिनिकल ट्रायलसाठी रुग्ण मिळवताना तंत्रज्ञान कसं वापरावं: कोल्हापुरातल्या नव्या कोऑर्डिनेटरांसाठी

कोल्हापुरातल्या एखाद्या हॉस्पिटलात तुम्ही नुकतेच क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून लागला असाल, तर पहिल्याच महिन्यात तुमच्यापुढे एक आकडा ठेवला जाईल: ट्रायलसाठी, म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या चाचणीसाठी, इतक्या महिन्यांत इतके रुग्ण. सोबत सल्लेही येतील. ॲप घ्या, व्हॉट्सॲपवर टाका, फेसबुकवर जाहिरात द्या. मी या कामात बरीच वर्षं आहे. यातलं आपल्याकडे काय चालतं, कुठल्या क्रमानं करायचं आणि पाय कुठे घसरतो, ते इथे लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एखादी यंत्रणा चांगली की वाईट, हे तिनं किती नावं काढून दिली यावर ठरवू नका. चंदगडहून किंवा गगनबावड्याहून माणूस एसटीनं येतो, त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, सोबत मुलगा रजा काढून येतो. तुमच्या टेबलासमोर बसल्यावर दहा मिनिटांत कळतं की चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, म्हणजे हे ट्रायलमध्ये बसतच नाहीत. ही फेरी टाळता आली असती. तुमच्या यंत्रणेनं अशा किती फेऱ्या वाचवल्या, ते मोजा.

## १. आधी हाताशी काय हवं

कागदपत्रं:

- प्रोटोकॉलची, म्हणजे ट्रायल कशी करायची त्या लेखी आराखड्याची, मंजूर प्रत. आवृत्ती क्रमांक आणि तारीख दोन्ही तपासा, जुनी प्रत बाजूला काढा.
- सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची, परवानगी (ज्या ट्रायलला लागते तिथे), रुग्णांच्या हिताच्या दृष्टीनं ट्रायल तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र आणि सीटीआरआय या ट्रायलच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक.
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत. गडहिंग्लज, चंदगड, निपाणीकडचे रुग्ण येत असतील तर कन्नडमध्येही. भाषांतराचं प्रमाणपत्र सोबत.
- डेलिगेशन लॉग, ज्यात रुग्णांशी बोलण्याचं काम तुमच्याकडे दिल्याची प्रमुख संशोधकांची सही आहे.
- तुमचं जीसीपी (ट्रायल नीट चालवण्याचे नियम) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र.
- हॉस्पिटलच्या नोंदी पाहायला प्रशासनाची लेखी परवानगी.

साधनं फार लागत नाहीत. पासवर्डचा लॅपटॉप, ट्रायलपुरतं वेगळं सिमकार्ड आणि फोन, संमतीचं चित्रीकरण लागणार असेल तर कॅमेरा, आणि कुलपाचं कपाट. स्वतःच्या खाजगी नंबरवरून रुग्णांना फोन करायला सुरुवात करू नका. नोकरी बदलली तरी तो नंबर आणि त्यातली रुग्णांची नावं तुमच्याच फोनमध्ये राहतात.

सीटीआरआयबद्दल थोडं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची ही नोंदवही २००७ साली सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आधीची नोंदणी चालते, म्हणजे पहिला रुग्ण घेण्यापूर्वी झालेली. ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. रुग्णाचा शिकलेला मुलगा किंवा पुतण्या रात्री घरी बसून ते पान उघडतोच. आपल्या केंद्राचा पत्ता, संशोधकाचं नाव आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीची स्थिती तिथे बरोबर दिसते का, हे त्याच्याआधी तुम्ही पाहा.

## २. निकषांचे तीन ढीग करा

प्रोटोकॉलमध्ये कोणाला घ्यायचं आणि कोणाला वगळायचं याची लांबलचक यादी असते. ती जशीच्या तशी हातात घेऊन फोन लावायला बसू नका. कागदावर तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात संगणकावरून कळणारे निकष: वय, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), आजाराचं निदान. दुसऱ्यात फोनवर विचारून कळणारे: गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक आला होता का, सध्या आयुर्वेदिक काढा चालू आहे का, दुसऱ्या ट्रायलमध्ये आहात का, पुढच्या वर्षी कामासाठी गाव सोडणार आहात का. तिसऱ्यात तपासणीशिवाय न कळणारे.

तिसऱ्या रकान्याला संमतीपत्रावर सही होण्याआधी हात लावायचा नाही. नवे लोक इथे नकळत चुकतात. ‘उपाशीपोटी या, रक्त घेऊ’ किंवा ‘तुमची ती गोळी दोन दिवस बंद ठेवा’ हे ट्रायलसाठी म्हणून सांगितलं, तर तिथेच ट्रायलची प्रक्रिया सुरू झाली, आणि संमती मात्र झालेली नाही.

दुसऱ्या रकान्यातले प्रश्न वयापासून सुरू करण्याची सवय सगळ्यांना असते. ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त लोक गळतात तो आधी घ्या. तुमचाही वेळ वाचतो आणि समोरच्यालाही आपली सगळी दुखणी उगाच सांगत बसावं लागत नाही.

## ३. आकडा कबूल करण्याआधी मोजा

प्रायोजक कंपनीचा माणूस विचारतो, तुमच्याकडे महिन्याला किती मधुमेही येतात? डॉक्टर मनापासून सांगतात, भरपूर. हा अंदाज धरून करार झाला की पुढचं वर्ष अवघड जातं. ट्रायल सुरू झाली की रुग्ण अचानक आटतात, हा अनुभव जगभरचा आहे. लुई लसान्या या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. रुग्ण कुठे गेलेले नसतात. निकष लावल्यावर त्यातले थोडेच उरतात, इतकंच.

म्हणून मागच्या बारा महिन्यांच्या नोंदींतून, नावं न काढता, फक्त संख्या काढा. लॅबच्या सॉफ्टवेअरमधून एक्सेल फाइल मिळते. एकेक निकष फिल्टर म्हणून लावत जा आणि प्रत्येक पायरीवर किती उरले ते लिहा. समजा सुरुवातीला ४०० मधुमेही होते, वय लावल्यावर २६० राहिले, एचबीए१सी लावल्यावर ९०, किडनीची अट लावल्यावर ७०. त्यातले फोनवर भेटणारे, यायला तयार असणारे आणि तपासणीत बसणारे आणखी कमी. हा उतार प्रायोजकाला दाखवा. एखाद्या अटीमुळे निम्मे लोक गळत असतील तर ते सांगायची हीच वेळ आहे.

## ४. यादी काढा, पण डोळे उघडे ठेवून

एथिक्स कमिटीच्या मंजुरीत नोंदी चाळण्याची पद्धत लिहिलेली असेल, तरच नावांची यादी काढा. शक्यतो ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फत जावी, आणि पहिला शब्दही त्यांच्याकडून किंवा त्यांच्या नावानं जावा. माझी माहिती हिला कुठून मिळाली, हा प्रश्न रुग्णाला पडणारच, आणि त्याचं सरळ उत्तर तुमच्याकडे हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: माहिती कशासाठी घेतली ते सांगा आणि त्याच कामासाठी वापरा.

आता सापळे. इथे वेळ घालवा, कारण कोल्हापूरच्या नोंदींना कोल्हापूरची वळणं आहेत.

१ जून. आपल्याकडे मागच्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. आधारवरही तीच चढली. वयाची अट ६५ पर्यंत असेल आणि यादीतला माणूस कागदावर ६६ असेल, तर ट्रायलसाठी कागदच धरायचा. तारीख आपल्या मनानं दुरुस्त करायची नाही. उलट कागदावर ६४ आणि बोलण्यातून सत्तरीचे वाटले, तर संशोधक डॉक्टरांना सांगा. निर्णय त्यांचा.

पाटील. करवीर, कागल, पन्हाळा कुठलाही तालुका घ्या, एकाच नावाचे आणि वडिलांच्याही एकाच नावाचे दोन पाटील निघतात. त्यातून इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक वेळी वेगळं. नावावरून रिपोर्ट जुळवू नका. हॉस्पिटलचा रुग्ण क्रमांक घ्या. रुग्णाकडे १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) असेल तर तोही ओळख पटवायला उपयोगी पडतो.

तारखा. एक्सेल दिवस आणि महिना यांची अदलाबदल करतं. ५ मार्चचा रिपोर्ट ३ मे चा होतो, आणि ‘तीन महिन्यांच्या आतला रिपोर्ट’ ही अट चुकीच्या माणसाला लागू होते. फाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणून तारखेचा रकाना तपासा.

निदान. केसपेपरवर डॉक्टरांनी दोन अक्षरं लिहिलेली असतात आणि बिलिंगच्या टेबलावर त्याचा भलताच कोड पडतो. आजाराच्या कोडवर विसंबण्यापेक्षा औषधं आणि लॅबचे आकडे यांवरून शोधलं, तर कमी माणसं सुटतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी शोधताना मूळ नाव आणि बाजारातली नावं, दोन्ही घाला. चिठ्ठीवर बाजारातलंच नाव असतं.

हल्ली केसपेपर वाचून रुग्ण सुचवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही दाखवायला लोक येतात. जिथे सगळ्या नोंदी टाइप केलेल्या आहेत तिथे त्यांचा उपयोग होतो. आपल्याकडे निम्मी माहिती डॉक्टरांच्या अक्षरात असते, त्यामुळे दाखवायला आलेल्या माणसाला आपलेच केसपेपर, नावं झाकून, वाचायला द्या आणि मग ठरवा. आणि एक गोष्ट कधीही करू नका: रुग्णाचा रिपोर्ट उचलून इंटरनेटवरच्या फुकट चॅटबॉटमध्ये टाकणं. ती माहिती मग हॉस्पिटलच्या ताब्यात राहत नाही.

## ५. रुग्णापर्यंत पोचणारा प्रत्येक शब्द आधी कमिटीपुढे

२०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांखाली एथिक्स कमिटीची जबाबदारी मोठी आहे. आपल्या संस्थेची कमिटी नसेल, तर त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या नोंदणीकृत कमिटीकडे जाता येतं. पोस्टर, व्हॉट्सॲपचा मजकूर, रेकॉर्ड केलेला आवाज, फोनवर बोलायची संहिता, ऑनलाइन फॉर्ममधले प्रश्न, हे सगळं एकाच अर्जात द्या. तुकड्यातुकड्यानं दिलं तर प्रत्येक तुकडा पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो.

‘नवीन उपचार मोफत’ असं लिहू नका. अजून सिद्ध व्हायचं आहे म्हणून तर ट्रायल आहे. ‘खात्रीशीर’, ‘विनासाइड इफेक्ट’, ‘मर्यादित जागा’ हेही नको. पैशाचा आकडा मोठ्या अक्षरात नको. काय असावं: हे संशोधन आहे, कोणत्या आजारावर, साधारण कोण भाग घेऊ शकतं, किती वेळा यावं लागेल, कुठे, फोन कोणाला, सीटीआरआय क्रमांक काय. एवढं एका पानात मावतं.

## ६. कोणतं माध्यम कशासाठी

क्यूआर कोड ओपीडीच्या बाहेर, बसायच्या बाकांसमोर लावा, कारण तिथे लोकांकडे वेळ असतो. तो स्कॅन करणारा बहुतेक वेळा रुग्णासोबत आलेला तरुण असतो. म्हणून फॉर्मचा पहिलाच प्रश्न ठेवा: तुम्ही स्वतःसाठी भरताय की घरच्या कोणासाठी? फॉर्ममध्ये पाचसहा प्रश्न पुरेत. कुणाच्या तरी खाजगी खात्यावरचा गुगल फॉर्म आजाराची माहिती गोळा करायला वापरू नका. संस्था ना-नफा असेल तर रेडकॅप हे संशोधनाची माहिती गोळा करायचं सॉफ्टवेअर विनामूल्य मिळू शकतं. गावात शिबिर असेल तर कोबोटूलबॉक्स हे फॉर्म भरायचं साधन चांगलं, ते अँड्रॉइड फोनवर नेटवर्क नसतानाही चालतं. शाहूवाडी, राधानगरीच्या डोंगराकडे त्याची गरज पडते.

मिस्ड कॉल मला सगळ्यात जवळचा. मोबाईल साधा असला तरी चालतो, लिहितावाचता येण्याची अट नाही, खर्च नाही. नंबरवर मिस्ड कॉल आला की कामाच्या दोन दिवसांत तुम्ही उलट फोन करायचा. उशीर झाला तर माणूस विसरतो किंवा तोवर कुणीतरी त्याच्या मनात भीती घातलेली असते.

व्हॉट्सॲप सगळ्यांना सोपं वाटतं, म्हणून जपून. ट्रायलसाठी ग्रुप काढायचाच नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आजार टीबी, एचआयव्ही किंवा वंध्यत्वाचा असेल, तर त्या एका ग्रुपमुळे घरात आणि गावात काय होईल याचा विचार करा. ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांपुरती असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश जातो. नव्या माणसांपर्यंत पोचायला ती उपयोगाची नाही. आधीच होकार दिलेल्यांना तारखेची आठवण करायला उत्तम.

एसएमएस मोठ्या संख्येनं पाठवायचे, तर पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर आधी नोंदवावा लागतो. हे काम हॉस्पिटलच्या आयटी विभागाकडे लवकर द्या.

फेसबुक, इन्स्टाग्राम वरून चौकशा खूप येतात. त्यातल्या कितीतरी पुण्याहून, सोलापुराहून, थेट दुबईहून. जाहिरातीचा परिसर जिल्ह्यापुरता आणि सांगली, निपाणीपुरता आखला तरच हाती काही लागतं. दुर्मीळ आजार असेल तर मात्र हा मार्ग सोडू नका, कारण तिथे एकेक रुग्ण लांबूनही येतो.

आणि या सगळ्यांपेक्षा जास्त रुग्ण देतो तो फॅमिली डॉक्टर. राजारामपुरीतल्या, इचलकरंजीतल्या, गावोगावच्या डॉक्टरांना निकषांचं एक पानी पत्रक पीडीएफ करून पाठवा, आणि त्यांनी पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, ते रुग्णाच्या परवानगीनं त्यांना कळवा. तंत्रज्ञान म्हणून हे किरकोळ आहे. तरी करा.

## ७. फोन

यादी, फॉर्म, क्यूआर कोड, सगळं शेवटी या फोनपाशी येतं.

वेळ पाहून करा. सकाळी आणि संध्याकाळी घरातलं माणूस दूध घालायला संस्थेत गेलेलं असतं. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराची कुठली पाळी चालू आहे ते पहिल्या फोनवरच विचारून लिहून ठेवा. दुपारी जेवणाची वेळ बहुतेकांना चालते.

नोंदीतला नंबर पुष्कळदा मुलाचा किंवा सुनेचा असतो. फोन उचलणाऱ्याला आजाराचं नाव सांगायचं नाही, ट्रायलचं तर नाहीच. ‘हॉस्पिटलमधून बोलतेय, मामांशी बोलायचं होतं, ते कधी भेटतील?’ इतकंच. तुमच्या सिमचं नाव फोनवर झळकतं, तेही तपासा. हॉस्पिटलचं नाव दिसू दे, आजाराचं नको.

मामा फोनवर आले की साधारण असं होतं:

‘नमस्कार मामा, मी डॉक्टरांच्या संशोधन विभागातून बोलतेय. दोन मिनिटं आहेत का?’

‘बोला की.’

‘शुगरच्या एका नव्या औषधाचा अभ्यास आपल्या हॉस्पिटलात चालू आहे. तुम्ही त्यात बसता का हे बघायला चारपाच प्रश्न विचारू का? नको म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार आहेत तसेच चालू राहतील.’

‘म्हंजे नवं औषध आमच्यावर करून बघनार व्हय?’

हा प्रश्न येतोच, आणि इथे गोल गोल बोललात की विश्वास गेला. सरळ सांगा: ‘होय मामा, औषध किती गुण देतं आणि त्रास होतो का, हेच बघायचं आहे. म्हणून तर कमिटीची परवानगी घेऊन, तुम्हाला सगळं समजावून, तुम्ही हो म्हणालात तरच. मधेच नको वाटलं तर सोडता येतं. घरात विचारा, घाई नाही.’ काहींना नवं औषध न मिळता तुलनेचं औषध किंवा परिणाम नसलेली गोळी मिळणार असेल, तर तेही सांगा. ते लपवून कोणाला बोलावू नका.

नकार आला तर धन्यवाद म्हणून नोंद करा आणि पुन्हा फोन करू नका. यादीत ‘संपर्क नको’ असा वेगळा रकाना ठेवा, म्हणजे उद्या तुमच्या जागी आलेली व्यक्तीही तो फोन लावणार नाही.

## ८. संमती

मोबाईलवर माहितीचा व्हिडिओ आधी पाठवता येतो आणि त्याचा फायदा होतो, कारण माणूस घरच्यांसोबत बघून, प्रश्न घेऊन येतो. पण समजावणं समोरासमोर व्हावं. वाचता न येणाऱ्यांसाठी पूर्ण वेळ निःपक्षपाती साक्षीदार बसवा. तो तुमच्या टीममधला नको. नव्या रासायनिक घटकाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या रुग्णाच्या संमतीचं दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज. चित्रीकरणात चेहरा आणि आवाज स्पष्ट येतोय का, ते पहिल्या मिनिटाला थांबून बघा. फाइल त्याच दिवशी सुरक्षित जागी हलवा आणि कॅमेऱ्यातून काढा. सही झालेल्या संमतीपत्राची प्रत रुग्णाच्या हातात द्या.

## ९. स्क्रीनिंग लॉग रोज भरा

कोण कुठून आलं, कुठल्या पायरीवर गळालं, का गळालं. ‘अपात्र’ एवढंच लिहिलंत तर त्यातून काही शिकता येत नाही. ‘क्रिएटिनिन जास्त’, ‘मुलानं नको म्हटलं’, ‘येण्याजाण्याला पाच तास लागतात’ असं लिहा. महिन्याअखेरी एक्सेलचं पिव्होट टेबल लावून कारणांनुसार आकडे काढा. अटीमुळे गळती असेल तर प्रायोजकाशी बोला. प्रवासामुळे असेल तर प्रवासखर्चाची रक्कम कमिटीकडून सुधारून घ्या. फोनवरच कळायला हवं होतं ते टेबलावर कळत असेल, तर फोनच्या संहितेत प्रश्न वाढवा, आणि ती पुन्हा मंजूर करून घ्या.

## १०. आलेल्या माणसाला टिकवा

प्रवासखर्च त्याच दिवशी द्या. यूपीआय सोयीचं आहे, पण खातं बऱ्याचदा मुलाच्या नावावर असतं. रुग्णाच्या हाती पैसे पोचणार असतील तर रोख आणि सही केलेली पावती बरी.

आठवण करणाऱ्या फोनवर रुग्ण रात्री ‘चक्कर येतेय’ असा व्हॉइस मेसेज टाकू शकतो. तो नंबर फक्त संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेवर सोडून देऊ नका, कोणीतरी ऐकणारं हवं. गंभीर दुष्परिणाम संशोधकानं २४ तासांत कळवायचा असतो. शिवाय रात्री लागणारा डॉक्टरांचा नंबर संमतीपत्रावर आणि रुग्णाच्या कार्डावर ठळक असू द्या.

तारखा आखताना गावचं कॅलेंडर समोर ठेवा. गळीत हंगामात तोड आली की शेतकरी रान सोडत नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा, मग पेरण्या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद होता. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की शिरोळ, हातकणंगले आणि करवीरच्या नदीकाठच्या रुग्णांना फोन लावा. तारीख प्रोटोकॉलच्या मुदतीत बसत असेल तर अलीकडे घ्या, आणि औषध किती दिवसांचं शिल्लक आहे ते विचारा. जास्तीचा साठा घरी देता येतो का, फोनवरून तपासणी चालेल का, जवळच्या लॅबमध्ये रक्त घेता येईल का, याची प्रायोजक आणि कमिटीकडून लेखी मंजुरी मे महिन्यातच घेऊन ठेवा.